न जाणवणारी थरथर

मधुमेहाच्या तपासणीसाठी आलेल्या माणसाला जाणते डॉक्टर एक प्रश्न हटकून विचारतात: चालता चालता चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि तुमच्या लक्षातच येत नाही, असं होतं का? पुष्कळदा रुग्ण विचारात पडतो आणि उत्तर सोबत आलेली बायको किंवा मुलगी देते: ‘हो, मीच मागून हाक मारते.’ मग हळूहळू बाकीचे बाहेर येते. फरशीवर चालताना कापसावर चालल्यासारखे वाटते, रात्री तळव्यांना मुंग्या येतात, सकाळी बेसिनपाशी तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो. एवढे होऊनही तो आलेला असतो रक्तातली साखर दाखवायला. पायांबद्दल बोलायचे त्याच्या मनातही नसते. वय झाले, आजार जुना झाला, की पाय बधिर व्हायचेच, असे त्याने आणि घरच्यांनी गृहीत धरलेले असते.

हे पुस्तक त्या समजुतीला उत्तर म्हणून लिहिले आहे. बधिर झालेल्या पायात किंवा हातात बहुतेकांचा थोडाफार स्पर्श शिल्लक असतो. तो किती शिल्लक आहे हे मोजता येते. आणि रुग्णाला स्वतःला जाणवणारही नाही अशा हलक्या कंपनाने त्या उरलेल्या स्पर्शाला बळ देता येते, असे गेल्या तीसेक वर्षांतल्या प्रयोगांतून दिसले आहे. यातली पहिली दोन विधाने कुठल्याही दवाखान्यात आज वापरता येतील. तिसरे अजून प्रयोगशाळेतून पुरते बाहेर आलेले नाही. पुस्तकाचा मोठा भाग या तिसऱ्याविषयी आहे, पण पहिल्या दोहोंवाचून त्याला अर्थ नाही, हे सुरुवातीलाच सांगायला हवे.

आधी मोजण्याविषयी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक माणसांना मधुमेह आहे. त्यांच्यातल्या किती जणांचे मोजे काढून कुणी तळवे पाहिले असतील, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. कारण तपासणी अगदी साधी आहे. नायलॉनचा एक तंतू तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबायचा. ठरावीक जाडीचा तंतू वाकतो तेव्हा त्वचेवर १० ग्रॅमचा दाब पडतो. एवढा दाब कळत नसेल तर पायाचे संरक्षण करणारा स्पर्श गेला, असे समजतात. दुसरे साधन म्हणजे सेकंदाला १२८ वेळा कंप पावणारा नादकाटा, जो अंगठ्याच्या हाडावर टेकवतात. तिसरे म्हणजे बायोथेसिओमीटर. त्याचे टोक पायाला लावून कंपन हळूहळू वाढवत नेतात आणि रुग्णाने ‘आता कळलं’ म्हटले की थांबतात. आकडा व्होल्टमध्ये येतो. तो २५ च्या वर गेला की पायाला जखम होण्याचा धोका बराच वाढलेला असतो. या सगळ्याला काही मिनिटे लागतात. तरी ही तपासणी राहून जाते, आणि मग रुतलेला खिळा किंवा चपलेच्या पट्ट्याने पडलेला फोड चार दिवसांनी, पू झाल्यावर, दुसऱ्याच कुणाच्या नजरेला पडतो.

या तपासण्यांत ‘इतक्या दाबाला कळले, त्याखाली नाही’ अशी एक रेघ मिळते. ही रेघ म्हणजेच या पुस्तकाचा विषय, म्हणून ती कुठून येते ते पाहू. आपल्या एका तळहातात आणि बोटांत मिळून स्पर्शाचे सुमारे १७ हजार मज्जातंतू पोचतात, असा हिशेब स्वीडनमधल्या संशोधकांनी १९७९ मध्ये मांडला. त्यांच्या टोकांना असलेल्या सूक्ष्म रचनांची कामे वाटलेली आहेत. मेर्केलच्या पेशी स्थिर दाब ओळखतात, माइसनरच्या कुप्या वस्तू हातातून जराशी सरकली तरी खबर देतात, रुफिनीच्या रचना त्वचेचा ताण ओळखतात आणि खोलवर असलेल्या पाचिनीच्या कुप्यांना सेकंदाला दोनतीनशे वेळा होणारे कंपन सर्वांत चांगले कळते. पण काम कोणतेही असो, मेंदूकडे जाणाऱ्या संदेशाची रीत एकच. एडगर एड्रियन यांनी १९२० च्या दशकात केंब्रिजमध्ये एकेका तंतूतले विद्युत्स्पंद टिपले. तंतू एक तर पूर्ण स्पंद पाठवतो किंवा अजिबात पाठवत नाही, हे त्यातून स्पष्ट दिसले; अर्धा स्पंद नसतोच. स्पर्श जोराचा असेल तर स्पंद मोठा होत नाही, त्यांची संख्या वाढते. याचा अर्थ प्रत्येक तंतूला एक किमान पातळी आहे आणि तिच्याखालचा स्पर्श मेंदूच्या दृष्टीने घडलेलाच नसतो.

मधुमेहात सर्वांत लांब तंतू आधी बिघडतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. काही तंतू मरतात. पण अनेक तंतू जिवंत असतात, फक्त त्यांची किमान पातळी वर गेलेली असते. खडा रुततो, तंतूपर्यंत हलका दाब पोचतोही, पण तेवढ्याने तो पेटत नाही. वाढत्या वयातही असेच होते, आणि पक्षाघातात बिघाड मेंदूत असला तरी हाताच्या बोटांवरचा हलका स्पर्श असाच रेघेखाली राहतो.

आता काठोकाठ भरत आलेले एक शेततळे डोळ्यांसमोर आणावे. पाणी बांधाच्या चार बोटे खाली आहे आणि वारा पडलेला आहे, तोवर एक थेंबही पलीकडे जात नाही. मंद वाऱ्याने बारीक लाटा उठू लागल्या की अधूनमधून एखादी लाट बांध ओलांडते. आतले पाणी थोडे चढले तर ओलांडणाऱ्या लाटा वाढतात, उतरले तर कमी होतात. बांधापलीकडे बसलेल्या माणसाला तळे दिसत नसले, तरी येणाऱ्या लाटांवरून आत पाणी चढते आहे की उतरते आहे, हे त्याला सांगता येते. वादळ सुटले तर मात्र पाणी सारखेच उसळून येईल आणि पातळीविषयी काहीच कळणार नाही. हलक्या कंपनाचे काम नेमके या मंद वाऱ्याचे आहे. एकट्याने ते तंतूला पेटवू शकत नाही, म्हणून रुग्णाला ते जाणवत नाही. पण पायाखालच्या खड्याचा अपुरा दाब आणि हे कंपन मिळून रेघ ओलांडतात. कंपन अनियमित ठेवलेले असते, ठेका धरणारे नसते, त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या स्पंदांत कंपनाचा स्वतःचा आकार उमटत नाही, दाबाचा चढउतार उमटतो. भौतिकशास्त्रात याला स्टोकॅस्टिक रेझोनन्स म्हणतात.

ही कल्पना वैद्यकातून आलेली नाही, याचे मला फार अप्रूप वाटते. पृथ्वीवर साधारण एक लाख वर्षांच्या अंतराने हिमयुगे का आली असावीत, या कोड्यातून ती निघाली. पृथ्वीची कक्षा तेवढ्या काळात किंचित बदलते हे माहीत होते, पण त्या बदलाने सूर्याच्या उष्णतेत पडणारा फरक एवढे मोठे हिमयुग आणायला फारच तोकडा होता. रॉबेर्तो बेन्झी आणि त्यांच्या इटालियन सहकाऱ्यांनी १९८१-८२ च्या सुमारास सुचवले की हवामानाचे रोजचे अनियमित हेलकावे या तोकड्या बदलाला पलीकडे ढकलत असतील. त्या गटात जॉर्जो पारिसी होते, ज्यांना पुढे गुंतागुंतीच्या व्यवस्थांवरील कामासाठी २०२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. योगायोग असा की त्याच वर्षीचे वैद्यकाचे नोबेल तापमान आणि स्पर्श ओळखणारे रेणू शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूटियन यांना मिळाले. हिमयुगांचे हे स्पष्टीकरण सर्वांनी स्वीकारले नाही, पण त्यामागचे गणित टिकले. १९९३ मध्ये फ्रँक मॉस यांच्या गटाने ते जिवंत प्राण्यात दाखवले. क्रेफिश हा गोड्या पाण्यातला कोळंबीच्या कुळातला प्राणी शेपटीवरच्या केसांनी पाण्याची हालचाल ओळखतो. पाण्यात योग्य प्रमाणात अनियमित खळबळ मिसळली, तर त्या केसांचे तंतू अगदी क्षीण हालचालही अधिक नेमकी टिपतात.

माणसाच्या बोटापर्यंत ही गोष्ट आणली जेम्स कॉलिन्स यांनी. बोस्टन विद्यापीठातल्या त्यांच्या गटाने १९९६ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मधल्या बोटाच्या टोकावर कळणार नाही इतका हलका दाब दिला आणि त्यात अनियमित कंपन मिसळले. योग्य पातळीचे कंपन असताना तो दाब लोकांना अधिक वेळा ओळखता आला, आणि कंपन वाढवत नेल्यावर हा फायदा पुन्हा नाहीसा झाला. त्यानंतर काही वर्षांत वृद्ध, मधुमेही आणि पक्षाघाताच्या थोड्या थोड्या रुग्णांवर तपासण्या झाल्या आणि त्यांतही स्पर्शाची रेघ खाली आलेली दिसली.

यातला सर्वांत बोलका प्रयोग तळव्यांचा आहे. आपण स्तब्ध उभे असतो असे वाटते, पण शरीर सतत थोडे झुलत असते आणि तळव्याच्या कोणत्या भागावर किती भार आहे या खबरीवरून घोटे आणि पोटऱ्या ते सावरत राहतात. ती खबर तुटली की डोळ्यांवर भिस्त वाढते. म्हणूनच डोळे मिटताच झोक जातो, आणि म्हणूनच बधिर पायांचे वृद्ध रात्री अंधारात न्हाणीघराकडे जाताना पडतात. कॉलिन्स, लुईस लिप्सिट्झ आणि सहकाऱ्यांनी बुटात घालायचे जेलचे तळ बनवले. प्रत्येक तळात तीन छोटे कंपक होते, दोन चवड्याखाली आणि एक टाचेखाली. प्रत्येकाला कंपन नेमके कधी कळू लागते ते आधी मोजून त्याच्या ९० टक्क्यांवर ते ठेवले. मग सरासरी २३ वर्षांच्या १५ तरुणांना आणि सरासरी ७३ वर्षांच्या १२ वृद्धांना डोळे मिटून उभे केले आणि खांद्यावरच्या खुणेवरून शरीराचे झुलणे टिपले. कंपन चालू असताना दोन्ही गटांचे झुलणे घटले, वृद्धांचे अधिक. हा निबंध २००३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. तीन वर्षांनी पाय बधिर झालेल्या १५ मधुमेहींवर आणि पक्षाघात झालेल्या १५ जणांवर तोच प्रयोग झाला, आणि ज्यांचे झुलणे मुळात जास्त त्यांना फायदाही जास्त, असे आढळले. २०१५ मध्ये याच परंपरेतल्या नव्या तळांनी निरोगी वृद्धांच्या चालण्यातही सुधारणा दिसली.

या प्रयोगांची एक बाजू मला विशेष मोलाची वाटते. कंपन जाणवतच नसल्याने ते चालू आहे की बंद, हे उभ्या असलेल्या माणसाला कळू शकत नाही. ‘यंत्र लावले म्हणून बरे वाटले’ या शंकेला त्यामुळे फारशी जागा उरत नाही. कंपनाने उपचार करण्याच्या इतिहासात हे नवे आहे. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या जाँ-मार्तँ शार्को यांच्या पार्किन्सनच्या रुग्णांनी त्यांना सांगितले होते की आगगाडीच्या किंवा घोडागाडीच्या लांब प्रवासानंतर बरे वाटते. त्यावरून त्यांनी १८९२ मध्ये हादरे देणारी खुर्ची वापरली. रुग्णांना आराम पडला. २०१२ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी त्या खुर्चीसारखी कंप पावणारी खुर्ची आणि न हलणारी खुर्ची यांची तुलना केली तेव्हा दोन्हींवर बसणाऱ्यांना जवळपास सारखाच आराम पडलेला दिसला. शार्को मोठे वैद्य होते. बधिर पायातले सांधे कसे मोडत जातात, याचे १८६८ मधले त्यांचे वर्णन आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते. तरी खुर्चीच्या बाबतीत त्यांच्या निरीक्षणाला तपासणीची जोड मिळायला शंभराहून अधिक वर्षे लागली. न हलणाऱ्या उपकरणाशी तुलना केली आहे का, हा प्रश्न बाजारात मिळणाऱ्या कंपनाच्या प्रत्येक उपकरणापुढे ठेवायला हवा.

शिवाय कंपन जसे बळ देते तसे ते स्पर्श मारतेही. १९१८ मध्ये अ‍ॅलिस हॅमिल्टन यांनी अमेरिकेतल्या इंडियानात चुनखडीच्या खाणीभागातल्या पाथरवटांची पाहणी केली. हवेच्या दाबावर चालणारा हातोडा धरणाऱ्या त्या कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडत आणि बधिर होत. ड्रिल, ग्राइंडर, फरशी फोडायचा ब्रेकर हातात धरून वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना आजही हा आजार होतो. थोडा वेळ जोराचे कंपन दिले तरी त्यानंतर काही काळ त्या जागेचा स्पर्श मंदावतो. म्हणून पायाच्या मसाजाचे जोरदार थरथरणारे यंत्र आणि या पुस्तकातले कंपन यांत गल्लत करू नये. मसाजाने पाय मोकळे वाटत असतील तर तो वेगळा भाग. पण जे कंपन चांगले जाणवते ते या तत्त्वाने काम करत नाही.

हाताच्या बाबतीत कामाला वेगळे वळण लागले. पक्षाघाताच्या रुग्णाला पेला उचलायचा असेल तर बोटांच्या टोकांवर काही बांधून चालत नाही, कारण पकडायचे त्याच टोकांनी. ना जिन सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवले की मनगटावर किंवा हाताच्या पाठीवर दिलेल्या न जाणवणाऱ्या कंपनानेही पक्षाघाताच्या रुग्णांच्या बोटांच्या टोकांचा हलका स्पर्श सुधारतो. मनगटावरचे कंपन बोटांच्या कातडीपर्यंत पोचून तिथल्या तंतूंना मदत करत असेल, हे पटण्याजोगे नाही. मज्जारज्जूत किंवा मेंदूत, जिथे या दोन जागांच्या खबरा एकत्र येतात, तिथेच काही घडत असावे. वर दिलेल्या तळ्याच्या उदाहरणाची मर्यादा इथे दिसते, आणि त्यामुळेच हाताचे प्रकरण मी सर्वांत विस्ताराने लिहिले आहे.

हरवलेला स्पर्श परत मिळवण्याचा आणखी एक मोठा प्रयत्न भारताशी जोडलेल्या माणसाने केला होता. डॉ. पॉल ब्रँड यांचा जन्म १९१४ मध्ये तामिळनाडूच्या कोल्ली डोंगरात झाला आणि १९४६ पासून त्यांनी वेल्लोरला काम केले. कुष्ठरुग्णांची बोटे आजाराने कुजून झडत नाहीत. बधिर बोटांना झालेल्या, न कळलेल्या इजा त्यांची अशी दशा करतात, हे त्यांनी चिकाटीने दाखवून दिले. मऊ मायक्रोसेल्युलर रबरच्या चपला त्यांच्याच काळातल्या वेल्लोरच्या कामातून पुढे आल्या, आणि महाराष्ट्रातल्या कुष्ठसेवेतही त्या वर्षानुवर्षे वापरात आहेत. पुढे अमेरिकेत कारव्हिलला ब्रँड यांनी कृत्रिम वेदना निर्माण करायचे ठरवले. हातमोज्यात, पायमोज्यात दाब ओळखणारी साधने बसवली. दाब वाढला की आवाज होई, नंतर विजेचा झटकाही देऊन पाहिला. रुग्ण हाताशी असलेले काम पुरे करायचे म्हणून इशाऱ्याकडे काणाडोळा करत किंवा यंत्रच बंद करत. बाहेरून दिलेला इशारा त्यांना आपला वाटला नाही. शेवटी तो प्रकल्प सोडून द्यावा लागला. हलक्या कंपनाबद्दल मला आशा वाटते ती याच ठिकाणी: इथे रुग्णाला कुठलाही परका संकेत शिकावा लागत नाही, त्याचाच तंतू त्याच्याच मेंदूला खबर देतो.

आशा वाटते म्हणून मर्यादा लपवता येत नाहीत. जो तंतू मेला आहे तो कंपनाने जिवंत होत नाही. पूर्ण बधिर पायाला या उपायाचा उपयोग नाही. कंपन बंद केले की फायदाही ओसरतो, रोग तिथेच राहतो. बहुतेक प्रयोगांत दहावीसच माणसे होती आणि ती प्रयोगशाळेत थोडा वेळ उभी राहिली किंवा चालली. अशा तळांमुळे वर्षभरात पडणे आणि जखमा कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही. कंपनाची पातळी प्रत्येकासाठी वेगळी मोजावी लागते आणि पाय गार पडला किंवा सुजला की ती बदलते.

आणि हे तळ बुटासाठी बनवलेले आहेत. आपल्याकडे वृद्ध माणूस बूट घालतो तो लग्नकार्याला. घरात तो अनवाणी असतो, बाहेर चपलेत, शेतात कशातही. देवळाच्या दाराशी चप्पल काढून उन्हाने तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घातली आणि तळव्यांना फोड आले ते घरी गेल्यावर दिसले, असे रुग्ण मे महिन्यात डॉक्टरांकडे येतात. हे तंत्र आपल्या उपयोगी पडायचे असेल, तर ते बॅकस्ट्रॅपच्या चपलेत, घरातल्या सपातेत बसायला हवे, धुळीत आणि पाण्यात टिकायला हवे, आणि सामान्य माणसाला परवडायला हवे. हे काम पुण्या-मुंबईच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी हाती घेऊ शकतात. त्यांच्यासाठी कंपक, बॅटरी आणि मोजणी यांवरचे प्रकरण तपशिलात लिहिले आहे.

रुग्णांच्या घरच्यांसाठी मात्र मोजमापाचे प्रकरण सर्वांत आधी घेतले आहे. बधिर पायांना गरम पाण्याचा, तापलेल्या विटेचा किंवा रबरी पिशवीचा शेक का द्यायचा नाही, पाणी कोपराने किंवा दुसऱ्याने तपासून का घ्यायचे, रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या उजेडात कशा पाहायच्या, हे त्यात आहे. नायलॉनचा तंतू हाताशी नसेल तर इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये मांडलेली पद्धत त्यात दिली आहे. रुग्णाला डोळे मिटायला सांगावे आणि दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांना आपल्या तर्जनीने एकदोन सेकंद अलगद स्पर्श करावा. दाबू नये, घासू नये, आणि नाही कळले म्हणून त्याच बोटाला पुन्हा हात लावू नये. सहापैकी दोन किंवा अधिक बोटांवरचा स्पर्श कळला नाही, तर स्पर्श कमी झाला आहे असे धरून पाय डॉक्टरांना दाखवावेत, आणि दाखवताना त्यांना मोजे काढून दोन्ही तळवे पाहायला आवर्जून सांगावे.